सातव्या होलाचं रिंगण

चुन्याची रेघ आपोआप सरकत नाही. तिला ना पाय, ना चाकं. म्हणजे ती सरकली असेल तर कुणीतरी सरकवली, आणि सरकवली तर कशासाठी तरी सरकवली. यात माझं काय चुकलं, सांगा! आमची दमयंती म्हणते, "तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा आधी हुंगून बघता." बघतो. चव्वेचाळीस साल होतं ते. लढाई चालू, रॉकेलला रेशन, साखरेला रेशन, बेचाळीसची धरपकड अजून लोकांच्या तोंडी. भिंगारच्या बाजारात दोन माणसं हळू आवाजात बोलली की तिसरा कान लावून उभा. अशा दिवसांत डोळे उघडे ठेवणाऱ्याला संशयी म्हणायचं आणि झोपा काढणाऱ्याला भला माणूस म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी नृसिंह धर्माधिकारी. भिंगारच्या छावणीत साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं, तिथला कारकून. मैदान म्हणजे नऊ होलांचा, चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचा माळ. गवत नावाला. होलाभोवती इतर ठिकाणी हिरवळ असते म्हणे, आमच्याकडे मोटारीच्या जळक्या तेलात भिजवलेली काळी वाळू दाबून बसवलेली असायची. सगळे कामगार मला भाऊसाहेब म्हणत. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, मागे पेरूचं झाड होतं, आणि छातीवर लावायला पितळी बिल्ला होता, नंबर तीन.

त्या बिल्ल्याची गोष्ट आधी सांगतो. लढाईच्या दिवसांत बिल्ल्याशिवाय छावणीत पाऊल टाकता येत नसे. बिल्ल्यावर काम, बिल्ल्यावर रेशन, बिल्ल्यावर राहायची खोली. कुणाचा बिल्ला काढून घेतला की त्याचा नंबर सगळ्या फाटकांवर जायचा आणि त्याला मेसमध्ये भांडी घासायलासुद्धा कुणी ठेवत नसे. भिंगारमध्ये त्या माणसाला उभं राहायला जागा उरत नसे.

माझं मुख्य काम शनिवारी सकाळी. पहिल्या होलाशेजारी एक फळा होता, त्यावर मैदानाची त्या आठवड्याची तात्पुरती अवस्था लिहायची. एरवी या खेळात दयामाया नाही. चेंडू काट्यात पडो, खड्ड्यात पडो, आहे तिथून मारायचा. पण पावसाळ्यात मैदानाचं जे काही होतं त्याला थोडी सवलत असते. पावसाचं डबकं साचलं तर ते 'तात्पुरतं पाणी', त्यातला चेंडू हातानं उचलून बाहेर घ्यायचा, दंड नाही. उखडलेली जागा असेल तर ती 'दुरुस्तीची जमीन', तिच्याभोवती चुन्याचं रिंगण आखायचं, आणि रिंगणात पडलेला चेंडूही उचलून बाहेर चांगल्या जागी टाकायचा, दंड नाही. रेघेच्या आत चेंडू असला तर साहेब हसत पुढं जायचा, आणि बोटभर बाहेर असला तर ढेकळातून मारत बसायचा. या खेळात कमी फटके मारील तो जिंकतो. एका रेघेवर एक-दोन फटक्यांचा फरक, आणि तेवढ्यावर कप.

ऑगस्टच्या शेवटी एक लष्करी गाडी वाट चुकून मैदानात घुसली आणि सातव्या होलाच्या वाटेवर रुतली. ती काढताना जमिनीची पार चाळण झाली. मी स्वतः जाऊन आरपार दहा ढांगांचं रिंगण मोजून घेतलं आणि चुन्याची रेघ मारून घेतली. पुढं पावसानं रेघ पुसट व्हायची, म्हणून दर शुक्रवारी ती परत मारायची. ते काम लंकाबाईचं. साठीला आलेली बाई, नागरदेवळ्याहून चालत यायची, डोक्यावर चुन्याचं घमेलं. मी ऑफिसच्या व्हरांड्यातून ओरडायचो, "लंकाबाई, सातव्याची रेघ मारून घे गं!" ती तिकडून हात वर करायची. झालं काम.

आता कॅप्टन ट्रेंट आणि छगन.

कॅप्टन ट्रेंट तरणा, गोरापान, आणि खेळात अगदी ढ. काठी अशी गरकन फिरवायचा की चेंडू राहायचा जागेवर आणि मातीच उडायची. सप्टेंबरात त्याच्या दिमतीला छगन लागला. छगन पाथर्डीकडचा, पंचेचाळिशीचा, शेतकरी माणूस. जमीन थोरल्या भावाकडे, म्हणून हा भिंगारला येऊन साहेबांच्या काठ्या वाहत होता. आणि काय सांगू, महिन्याभरात कॅप्टन साहेब नीट खेळायला लागला! चेंडू सरळ, लांब. मेजर हॅलम, जो क्लबाचा सेक्रेटरी आणि गेली तीन वर्षं कप स्वतःच्याच घरी ठेवून बसलेला, तो बघतच राहिला.

फटक्याच्या लयीला साहेब लोक टेम्पो म्हणतात. काठी किती सावकाश मागं न्यायची, वर किती थांबायचं आणि खाली कधी आणायची, तो सगळा ठेका. मेजर म्हणायचा, "धर्माधिकारी, टेम्पो शिकवून येत नाही." मग या कॅप्टनला तो महिन्याभरात आला कुठून? मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कॅप्टन आपला सामना जिंकून अंतिम फेरीत आला. मेजर आधीच आलेला होता. संध्याकाळी मेजरनं मला ऑफिसात बोलावलं.

"सातव्याचं रिंगण किती होतं?"

"दहा ढांगा, साहेब."

"आज मी मोजलं. पंधरा. आणि ट्रेंटचा चेंडू आज काठाशी पडला, पण आत. मागच्या शनिवारीही आत."

मेजर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "पुढच्या शनिवारी कपाचा सामना आहे. त्याआधी मला नाव पाहिजे. नाव मिळालं नाही तर हे मैदान ज्याच्या हाताखाली आहे त्याचंच नाव मी धरीन."

म्हणजे माझं! दोन खोल्या, पेरूचं झाड, सगळं गेलं असतं एका रेघेपायी.

घरी येऊन दमयंतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. न वळताच म्हणाली, "रेघ मारतं कोण?"

"लंकाबाई."

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? सांगितलं तेवढं करते बिचारी. हे डोकं दुसऱ्याचं आहे."

"तुम्हाला बाई साधं काही सुचतच नाही," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. बायकांना तपासातलं काय कळतं, असं म्हणून मी ताटावर बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तेव्हा कळसा कुणाला दिसतोय!

सोमवारी सकाळी मी रिंगणावर गेलो. रेघेच्या बाहेरच्या कडेला, चार दिशांना चार लांब खिळे जमिनीत पार ठोकून टाकले आणि वर माती सारली. आता रेघ सरकली तर खिळे आत येणार. माझं मलाच कौतुक वाटलं.

मग छगनवर नजर ठेवली. मंगळवारी कॅप्टन सरावाला आला. मी करंजाच्या झाडाआड उभा. छगन त्याच्या शेजारी उभा राहून खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत होता. कॅप्टननं काठी मागं नेली की छगनचा आवाज लांबायचा, मग तुटायचा, आणि मग एकदम "हां!" कॅप्टन चेंडू हाणायचा आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. एका कॅप्टननं एका हमालाकडे बघून हसायचं? का म्हणून? आणि बुधवारी छगनच्या पायात बूट! कॅप्टनचे जुने, पण बूट. गेली दोन वर्षं मी त्याला अनवाणी बघत होतो. सराव संपल्यावर छगन एकटाच सातव्याकडे गेला आणि खाली मान घालून रिंगणाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. संशय घेऊ नये तर काय आरती ओवाळू?

गुरुवारी त्याला ऑफिसच्या व्हरांड्यात उभा केला.

"छगन, त्या साहेबाच्या कानात काय मंत्र म्हणतोस रे?"

"मंत्र कसला, भाऊसाहेब? मोट हाकाया शिकिवतो."

"काय?"

"आवं, बारा वर्सं मोट हाकली म्या. बैल मागं नेताना घाई करायची न्हाई. सावकाश, पाऊल-पाऊल. मागं गेले की थांबायचं, मोट पान्यात बुडू द्यायची, भरू द्यायची. मंग सोडायचे उतारावर, आपसूक वढत्यात. ह्यो साहेब मोट बुडायच्या आधीच बैल पळवत हुता. रिकामी मोट वर यायची, दुसरं काय. म्या म्हनलं, भरने दो, साब. आता लई झ्याक हाकतोय."

सांगताना त्याचे हात आपोआप नाड्यावर असल्यासारखे मागं-पुढं होत होते. ऐकायला पटण्यासारखं होतं, हे मी मान्य करतो. पण पटण्यासारखं तर लबाड माणूसच बोलतो.

"बरं. आणि सातव्याचं रिंगण वाढलंय ते?"

त्याचे हात थांबले. मान खाली गेली. "दिसतंय खरं," म्हणाला.

"कुणी वाढवलं?"

"म्या न्हाई."

"तू वाढवलंस असं म्हटलं का मी? कुणी वाढवलं ते विचारतोय. तुला ठाऊक आहे."

तो बुटाच्या टोकानं फरशी घासत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यात कुनाचं वाईट न्हाई, भाऊसाहेब. जाऊ द्या. पाऊस सरला, जमीन नीट झाली, की रेघ बी जाईल."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हटलं. खरं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देतो. हा फरशी घासतोय.

शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगल्यावर मी सातव्यावर गेलो. रेघ ताजी, पांढरीशुभ्र. लंकाबाई मारून गेली होती. मी बसून माती बाजूला केली. खिळा रेघेच्या आत होता, चांगलं एक पाऊल आत. दुसरा, तिसरा, चौथा, तेच. आणि मान वर केली तर समोरून छगन येत होता. बुटाच्या टाचेला चुना. धोतराच्या काठाला चुना. हात झटकत होता, हातालाही चुना.

माझा तपास पुरा झाला. हा आधी येऊन खुणा करतो आणि भोळी बाई त्या खुणांवरून चुना ओढते, असं सगळं मला समोर लिहिल्यासारखं दिसलं.

"बिल्ला काढ," मी म्हटलं.

"भाऊसाहेब..."

"हाताला चुना कसला?"

"लंकाबाईला घमेलं उचलू लागलो. ती तिकडं..."

"पुरे! उगाच म्हातारीचं नाव मध्ये आणू नकोस. बिल्ला काढ."

ते ऐकून त्याचं तोंड मिटलं. काहीतरी सांगायचं ओठांवर आलेलं त्यानं गिळलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला वाटलं, बरा सापडला! त्यानं सदऱ्यावरून बिल्ला सोडवला, नंबर एक्केचाळीस, आणि माझ्या हातात ठेवला. मग खाली बसून बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले. "साहेबाला द्या," म्हणाला आणि अनवाणी निघून गेला.

शनिवारी कॅप्टन दुसऱ्याच एका माणसाला घेऊन खेळला. पहिल्या होलावर दोनदा मागं वळून बघितलं त्यानं, कुणी काही म्हणतंय का म्हणून. मग जो गडबडला तो गडबडलाच. काठी पुन्हा पहिल्यासारखी गरगर. सातव्यावर त्याचा चेंडू रिंगणाच्या जवळपाससुद्धा पडला नाही. मेजरनं कप उचलला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी येऊन दमयंतीला म्हटलं, "बघ, याला तपास म्हणतात." तिनं नुसती चूल फुंकली. ती गप्प बसली की मला बरं वाटत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी सहजच सातव्यावर गेलो. सहज कसला, खिळे काढायला गेलो होतो. चांगले खिळे होते, लढाईत कुठं मिळायचे. लंकाबाई रेघ मारत होती, म्हणून झाडाआड थांबलो. जुनी सवय.

ती आधी पुसट रेघेच्या बाहेर उभी राहिली. उजवं पाऊल रेघेला टेकवून ठेवलं, टाच रेघेशी, बोटं बाहेरच्या बाजूला. जिथं बोटं संपली तिथून तिनं मुठीनं चुना सोडायला सुरुवात केली. चार ढांगा गेली की पुन्हा पाऊल टेकवून मापायची आणि पुढं जायची. तोंडानं काहीतरी गुणगुणत, अगदी मन लावून. छगन तर आठ दिवसांपूर्वीच गावी गेला होता.

झाडाआडून तसाच पुढं गेलो.

"लंकाबाई! अगं हे काय करतेस? जुन्या रेघेवर का नाही मारत?"

ती दचकली, मग हसली. "अगं बया! भाऊसाहेब, तुमी व्हय? जुन्या रेघंवर कशी मारायची? खळ्यात रास पडली की भवती राखंची रेघ वढत्यात न्हवं? ती पुसाट झाली की दुसरी वढायची ती एक पाऊल भाइरून. जुनीवरच मारली तर रास खुंटती. माझ्या सासूनं शिकिवलंय."

"पण ही रास नाही! ही खराब झालेली जमीन आहे!"

"आजारी जमीन व्हय. मंग तर तिला जास्तीच जागा लागती," ती म्हणाली आणि पुन्हा पाऊल टेकवलं.

आठ शुक्रवार. आठ शुक्रवार मी व्हरांड्यातून ओरडत होतो आणि ती हात वर करत होती. दहा ढांगांच्या पंधरा ढांगा तिनं केल्या होत्या, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. गावभर तपास केला, आणि जिच्या हातात चुना होता तिला तेवढं विचारलं नाही. लाज वाटली मला. साप साप म्हणून भुई धोपटली असती तर ठीक होतं, मी माणूस धोपटला होता.

त्याच संध्याकाळी मेजरकडे गेलो. खरं सांगायची घाई झाली होती. मला वाटलं, साहेब हसेल, छगनचा बिल्ला परत देईल, विषय संपेल. सगळं सांगितलं, रास, राख, पाऊल, सगळं. साहेब हसला नाही.

"म्हणजे त्या बाईनं केलं."

"तिला ठाऊक नव्हतं, साहेब."

"ठाऊक असो, नसो. रेघ हलली, अर्ध्या क्लबाला कळलं. मला कुणातरी एकाचा बिल्ला दाखवावा लागेल. त्या माणसाला त्याचा परत दे आणि बाईचा काढून घे."

मी "येस, सर" म्हटलं. का म्हटलं? क्वार्टर आठवलं म्हणून म्हटलं. मनाला समजावलं, म्हातारी आहे, किती दिवस घमेलं उचलणार, आणि एका निरपराध माणसाला तर न्याय मिळतोय ना! माणूस स्वतःला फसवायला बसला की वकिलाची गरज लागत नाही.

शनिवारी सकाळी लंकाबाईला बोलावलं. तिनं पदराच्या गाठीतून बिल्ला सोडला, नंबर सतरा. घासून घासून आरशासारखा केलेला. माझ्या हातात देताना एवढंच विचारलं, "रेघ वाकडी झाली व्हय, भाऊसाहेब?"

मी म्हटलं, "नाही. सरळ होती."

रविवारी पाथर्डीची मोटार पकडली. कोळशाच्या गॅसवर चालणारी, करंजीच्या घाटात दोनदा बंद पडली, आम्ही उतारूंनी ढकलली. तिसगावच्या पुढं उतरून दोन कोस चाललो. खिशात छगनचा बिल्ला, आणि शेजारी दुसरा. तो घरी ठेवायला माझा हात धजला नव्हता.

छगन भावाच्या विहिरीवर मोट हाकत होता. कांद्याला पाणी चाललं होतं. बैल पाऊल-पाऊल मागं येत होते, तो तोंडानं लांब सूर धरून होता. मग सूर तुटला, बैल थांबले, खाली मोट बुडाल्याचा आवाज आला. मग "हां!" बैल उतारावर निघाले आणि हा नाड्यावर बसून खाली गेला. मंगळवारी झाडाआडून मी ऐकलेलं ते हेच. कॅप्टनच्या कानात दुसरं काहीही नव्हतं.

त्यानं मला बघितलं तसे बैल उभे केले. "भाऊसाहेब? इकडं कुठं?"

"छगन, माझं चुकलं," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी दमयंतीलासुद्धा म्हटलेलं नाही. "तू रेघ हलवली नाहीस. सगळं कळलं. हा घे तुझा बिल्ला. उद्या कामावर ये."

त्यानं हात पुढं केला नाही. बिल्ल्याकडे बघून म्हणाला, "कळलं म्हंजी? कुनी केलं त्ये बी कळलं?"

"हो. लंकाबाईनं."

"तिला इचारलं तुमी?"

"विचारलं. तुला माहीत होतं ना रे? पहिल्यापासून?"

"दुसऱ्याच शुक्रवारी दिसलं. पाऊल टेकवून मापत हुती." तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "म्या बी शेतकरीच, भाऊसाहेब. जुन्या रेघंवर मार असं तिला सांगाया माजी जीभ रेटंना. त्यात तिचा ल्योक मच्छिंद्र लढाईवर गेलेला, सा म्हैनं कागुद न्हाई. रेघ आवळायचा अपशकुन ती बाई करंल व्हय? आन् सायबाला सांगावं तर तिचा बिल्ला जाईल. म्हनून गप बसलो. तुमी माजा घेतला, म्हनलं जाऊ दे, मला भाऊ हाय, बैल हायेत. तिला कोन हाय?"

माझा दुसरा हात खिशात गेला.

"तिचं नाव सायबाला सांगितलं न्हाई न्हवं तुमी?"

खिशातला हात बाहेर येईना. बोटांना तो दुसरा बिल्ला लागत होता, गुळगुळीत. छगननं माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. त्याला सगळं कळलं. गड्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मंग माजा बी ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ," तो म्हणाला, आणि वळून बैल सावकाश मागं घ्यायला लागला.

परत येताना मोटारीत दोन्ही बिल्ले मुठीत धरून बसलो. रडू येत होतं, पण शेजारी एक पाटील बसले होते, म्हणून आलं नाही. रात्री जेवताना दमयंतीला सगळं सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारील. तिनं नुसतं विचारलं, "मग?" मी सांगितलं काय करणार ते. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "पेरू उतरवून घ्यायला हवेत."

सोमवारी मेजरच्या टेबलावर मी तीन बिल्ले ठेवले. एक्केचाळीस, सतरा आणि तीन.

"हा तिसरा कुणाचा?"

"माझा, साहेब. रेघ कशी मारायची ते त्या बाईला मी कधी दाखवलं नाही. आठ आठवडे मी जाऊन बघितलं नाही. बिल्ला दाखवायचा असेल तर हा दाखवा. क्लबात सांगा, कारकुनाची चूक."

मेजरनं पाइप ठोकून रिकामा केला. मग त्यानं दोन बिल्ले माझ्याकडे सरकवले आणि एक ड्रॉवरमध्ये टाकला.

सध्या मी राहात्याला आहे, बाजार समितीजवळच्या एका आडतीवर पत्रं लिहायचं काम करतो. छगन दिवाळीनंतर भिंगारला परत गेला आणि कॅप्टनचा चेंडू पुन्हा सरळ जायला लागला, असं कानावर आलं.

आम्ही भिंगार सोडलं तो शुक्रवार होता. टांग्यात ट्रंका, वळकट्या आणि पेरूची पाटी. मैदानाच्या कडेनं जाताना दमयंतीनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, ती बघा लंकाबाई. सातव्यावर. बघा तरी, रेघ कुठून मारतेय!"

मी बघितलं नाही. म्हटलं, "लंकाबाईंना ठाऊक आहे."